उरलेले सहा इंच

बाराशे सत्तेचाळीस ओळींपैकी एकच ओळ लाल झाली. सकाळचे साडेदहा वाजले होते, खाली कारखान्यात कुणीतरी लोखंड कापत होते, आणि तिला आधी वाटले की स्क्रीनवर काहीतरी चिकटले आहे. तिने बोटाने पुसले. ओळ लालच राहिली. डावीकडे जुने उत्तर होते, ९१४.४. उजवीकडे नवे, १०६६.८. दोन्ही मिलिमीटर. शेवटच्या रकान्यात यंत्राने आपणहून वजाबाकी करून ठेवली होती, १५२.४, आणि ती संख्या कशाची आहे हे तिला मांडून पाहावे लागले नाही. अकरा वर्षे ती हेच करत आली होती. पंचवीस पूर्णांक चार दशांश, सहा वेळा. सहा इंच. कुणाचे तरी सहा इंच कुठेतरी गळले होते.

काम तसे किरकोळ होते. जिने, कठडे आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात वरच्या मजल्यावर आराखड्यांची खोली होती, आणि मापे टाकली की कठड्याचा आराखडा आपोआप काढून देणारी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची यादी, तिने लिहिलेली होती. आता आराखडे काढायच्या कॅड प्रोग्रामची नवी आवृत्ती येणार होती. जुन्या सगळ्या नोंदी आज पाचपर्यंत तिकडे हलवायच्या होत्या. मालकांनी सांगितले होते, लोकांनी काय टाइप केले होते ते मूळ शब्द नेऊ नका, उगाच अडगळ. नुसते मिलिमीटर न्या आणि जुना फोल्डर पुसून टाका. ती पुसणारच होती. पण कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघणाऱ्यांपैकी ती एक, म्हणून तिने जुने मूळ शब्द आजच्या स्क्रिप्टमधून एकदा फिरवून घेतले. जुने उत्तर आणि नवे उत्तर जुळायला हवे होते. बाराशे शेहेचाळीस ठिकाणी जुळले. लाल ओळीच्या पहिल्या रकान्यात मूळ शब्द होते : ३ फूट ६ इंच. नोंद करणाऱ्याच्या जागी होते : मापकाका. तारीख तिने सगळ्यात शेवटी पाहिली. पाहायची नव्हती म्हणून शेवटी पाहिली, असे तिला नंतर वाटले.

मापकाकांना दुसरे काही नाव असणार, पगारपत्रकावर ते असेलही, पण अडतीस वर्षांत ते कुणी वापरले नव्हते. घरोघर जाऊन जिन्याची, गॅलरीची मापे घेऊन येणे हे त्यांचे काम. पेन्सिल कानावर, वही खिशात. खालचे लोक म्हणत, काकांनी नुसते दारातून आत बघितले तरी दार स्वतःहून सांगते, मी साडेसहा फूट. ती नोकरीला लागली तेव्हा या वहीवरून आराखडे काढायची, आणि पहिल्या महिन्यातच तिच्या लक्षात आले की इथे प्रत्येक माणूस वेगळ्या मापात बोलतो. गवंडी फुटात, वास्तुविशारद मिलिमीटरमध्ये, खिडकीवाला सेंटिमीटरमध्ये, आणि सुतार इंच आणि सुतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पण तो सुताराच्या अंगठ्याखाली कधी मोठा होई, कधी लहान. सगळे मनातल्या मनात रूपांतर करत आणि सगळे थोडेथोडे चुकत. तिने ठरवले की कुणाला आपली भाषा बदलायला लावायची नाही. स्क्रीनवरच्या मापाच्या चौकटीत ज्याला जे लिहायचे ते लिहू दे, इंच लिहा, सेंटिमीटर लिहा, दोन सूत लिहा; ऐकून घ्यायचे काम यंत्राचे. या गोष्टीचा तिला अभिमान होता, आणि तो जरा लहानपणातून आलेला होता. चौथीत असताना तिने एका गणिताचे उत्तर नुसते पाच लिहिले होते. बाईंनी सगळ्या वर्गासमोर वही उंच धरली. "पाच काय? पाच बटाटे की पाच बैल?" वर्ग हसला, तीही हसली, आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली, कारण उत्तर बरोबर होते. पाचच होते. इतकी वर्षे झाली तरी एकक नसलेला आकडा दिसला की ती आधी त्यापुढे प्रश्नचिन्ह काढायची. म्हणून तिची स्क्रिप्ट एकक नसलेला आकडा घेतच नसे. नम्रपणे पुन्हा विचारी. त्या बाबतीत ती अगदी डोळ्यांत तेल घालून होती. घात झाला तो एकक लिहिलेल्या ठिकाणी, तोही एकाच्या जागी दोन लिहिल्यामुळे.

तिने जुनी स्क्रिप्ट उघडली. त्या वेळची, सव्वातीन वर्षांपूर्वीची. नऊ ओळींत सगळे होते. चौकटीतला पहिला आकडा शोध. त्याच्या पुढचे एकक शोध. दोघांचा गुणाकार कर. बाहेर पड. फूट-इंचांच्या खुणा वापरून, ३′ ६″ असे, कुणी मिळून लिहिले असेल तर त्यासाठी वेगळा नियम होता, आणि मापकाका नेहमी खुणाच वापरत, वहीत वापरत तशाच. पण तो टॅबलेटचा पहिला दिवस होता. कागद बंद, असे मालकांनी जाहीर केले होते आणि मापकाकांना टॅबलेट शिकवायचे काम तिच्याकडे आले होते. ते तिला मास्तरीणबाई म्हणायला लागले ते तेव्हापासून. "मास्तरीणबाई, या पाटीवर पेन्सिल कुठे ठेवायची?" "काका, पेन्सिल नाही, वही पण नाही. एकदा टाकलंत की मशीन लक्षात ठेवतं. कायमचं." "माझ्या बायकोसारखं," ते म्हणाले होते आणि वही टेबलाच्या खणात ठेवून गेले होते. टॅबलेटवर त्या दोन खुणा कुठे लपलेल्या असतात ते त्यांना सापडले नसणार. मग भल्या माणसाने सरळ शब्दांत लिहिले. तीन फूट सहा इंच. स्क्रिप्टने पहिला आकडा घेतला, तीन. पहिले एकक घेतले, फूट. गुणाकार केला आणि निघून गेली, दुकानदाराने गिऱ्हाइकाचे अर्धेच ऐकून शटर ओढावे तशी. सहा इंच चौकटीतच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी कळफलक किचकट आहे अशी तक्रार घेऊन ते आले तेव्हा तीच म्हणाली होती, काका, तुम्ही सरळ इंचातच टाका ना, बेचाळीस लिहा, झालं. त्यानंतर त्यांनी आयुष्यात परत शब्दांत लिहिले नाही. म्हणून ओळ एकच होती.

काही वेडेवाकडे उत्तर आले असते तर कुणीतरी ओरडले असते. पण नऊशे चौदा हे किती शहाण्यासारखे उत्तर होते. छत्तीस इंची कठडे कारखाना घरोघर लावत होता, आतल्या जिन्यांना ते चालतात. फक्त उघड्या गॅलरीला बेचाळीस हवे असतात, आणि ही गॅलरी होती, एका दुमजली घरात आतल्या बाजूने फिरणारी, खाली बैठकीची फरशी. आराखडा छापून आला, मिलिमीटरमध्ये, आणि मिलिमीटर न वाचणाऱ्या मापकाकांनी आपली मापे यंत्राकडे आहेत या भरवशावर खाली सही केली. कठडा बसला. पाच महिन्यांनी त्या घरातली आत्या, घरात सगळे तिला आत्याच म्हणत आणि मग बातमीतही तेच आले, उंच बाई, पाच फूट आठ इंच, खाली दारात उभ्या असलेल्या भावाचा विसरलेला चष्मा वरून खाली टाकायला वाकली आणि चष्म्याबरोबर गेली. सहा दिवस जगली.

तिने त्या बाईला कधी पाहिले नव्हते. तरीही या तीन वर्षांत ती बाई तिच्याकडे येत असे. स्वप्नात वगैरे नाही, स्वप्नांवर तिचा विश्वास नव्हता. भर दुपारी, एखाद्या आराखड्यात कठड्याची रेघ ओढताना, तिला त्या रेघेमागे कुणीतरी उभे आहे असे वाटे. आराखड्यात माणसे नसतात. आराखड्यात रेघा असतात आणि बाणांची टोके. तरी कुणीतरी असायचे, रेघेच्या वर कमरेपासून पुढे, आणि ती घाईने पुढच्या रेघेवर जायची. तिने ते थकव्यावर ढकलले होते, चष्म्याच्या नंबरावर ढकलले होते. आता लाल ओळीकडे बघताना तिला हे सगळे एखाद्या बिलासारखे एकदम समोर आल्यासारखे झाले आणि तिने खुर्ची मागे सरकवली. मग तिने ते केले जे करायला नको होते. स्क्रिप्टचा इतिहास उघडला. कोणती ओळ कुणी, कधी बदलली, ते त्यात असते. नऊ ओळींच्या त्या तुकड्यात पुढे तीन ओळी वाढवलेल्या होत्या आणि वर तिची टीप होती, तिच्याच नेहमीच्या कोरड्या भाषेत : "पहिल्या एककाशी थांबू नये. शेवटपर्यंत वाचावे." तारीख अपघातानंतर अकराव्या दिवसाची. वेळ दुपारी चार वाजून दहा मिनिटे.

तिला ही टीप लिहिलेली आठवत नव्हती. त्या दिवशी आभाळ कसे होते, दुपारी काय खाल्ले, काही नाही. अकराव्या दिवशी तिने शेवटपर्यंत वाचायला सांगितले होते आणि चौदाव्या दिवशी तपासाच्या खोलीत ती बसली होती. ते मात्र सगळे आठवत होते. लांब टेबल, त्यावर पाण्याचा तांब्या आणि एकच पेला, बाहेरून आलेला तपासनीस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्याने सही केलेला आराखडा पुढे सरकवला होता आणि तिला विचारले होते, "मशीन चुकू शकतं का?" आणि ती म्हणाली होती, "मशीनला जे द्याल तेच ते घेतं." मापकाका कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. ती बोलली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि मान हलवली, हळूच, होकारार्थी, एखाद्या विद्यार्थ्याने बरोबर उत्तर दिल्यावर हलवावी तशी. मग म्हणाले, "मग चूक माझीच." एवढेच. वही नव्हती, कागद नव्हता, वाद नव्हता. त्यानंतर ते कामावर आले नाहीत. मूळ शब्द कुठेतरी साठवले जातात हे त्या खोलीत फक्त एका माणसाला माहीत होते. तिला त्या क्षणी ते सुचले नव्हते. की सुचले होते? ती स्वतःच्या आत हात घालून चाचपत राहिली, काळोख्या कपाटात चाचपावे तसे, आणि हाताला काही लागत नव्हते. पण कपाट रिकामे आहे अशीही खात्री पटत नव्हती.

वेल्डर वर आला. त्याला सगळे ठिणगी म्हणत, कामामुळेही आणि तोंडामुळेही. "ताई, त्या शाळेच्या जिन्याचा कागद द्या की, खाली पोरं माझ्या नावानं खडे फोडतायत. काय झालं? भूत बघितलं का काय?" त्याने वाकून स्क्रीन पाहिली. इंग्रजी आकड्यांखेरीज त्याला त्यातले काही कळले नसते, पण तारीख कळली आणि मापकाका हे नाव कळले. त्याचा आवाज खाली आला. "हा तोच ना?"

"तो कठडा कुणी बसवला होता?"

"मीच. अजून कोण?" त्याने हातमोजा काढला, परत घातला. "बसवून झाल्यावर मी तिथे उभा राहिलो होतो ताई. मला म्हटलं जरा खाली वाटतोय. मग कागद बघितला. कागदावर नऊशे चौदा. कागदाशी कोण भांडतं? कागद वरून आलेला." वरून म्हणताना त्याने छताकडे नाही, तिच्या टेबलाकडे पाहिले, आणि मग ते लक्षात येऊन खिडकीकडे पाहिले. "काकांना हल्ली बघितलंत का?"

"नाही."

"बघू नका. माझा लग्नातला कोट त्यांच्या अंगावर घातला तर आत अजून दोन माणसं मावतील."

मालक खोलीत एकटेच होते. ती उभ्याउभ्याच बोलली, एकदाही न अडखळता, आणि आपल्याला इतके सरळ बोलता येते आहे याची तिला भीती वाटली. मालक वाईट माणूस नव्हते. तिच्या आईच्या आजारपणात रोज संध्याकाळी त्यांची गाडी इस्पितळाच्या दारात उभी असे आणि त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता.

"तीन वर्षं झाली," ते म्हणाले.

"हो."

"तपास झाला. तो माणूस स्वतः म्हणाला, चूक माझी. आपण म्हणायला लावलं का त्याला?"

"मी लावलं."

"तू म्हणालीस, मशीनला जे द्याल तेच घेतं. खोटं होतं का ते?"

"त्यांनी साडेतीन फूट दिले होते. मशीननं तीन घेतले."

मालकांनी टेबलावरचा पेपरवेट एका कागदावरून उचलून दुसऱ्या कागदावर ठेवला. "हे बघ. तू हे बाहेर सांगितलंस तर आधी तू जाशील. मग मी. मग खालची चाळीस माणसं. आणि ती बाई येणार आहे का परत? तुला डोकं दुखत असेल तर घरी जा. पण त्याआधी ते फोल्डर हलव. पाच वाजेपर्यंत. मिलिमीटर तेवढे ने."

मिलिमीटर तेवढे नेले तर काय होईल ते तिला स्वच्छ दिसत होते. नव्या ठिकाणी नऊशे चौदा पूर्णांक चार एवढेच राहील, मापकाकांच्या नावापुढे, कुणाच्या तोंडून काय निघाले होते याचा मागमूस नसलेले. त्यांनी तीनच फूट लिहिले होते हे त्यानंतर कायमचे खरे होईल. हात वर करायचे नाहीत, खोटे बोलायचे नाही, फक्त सांगितलेले काम वेळेत करायचे. ती आपल्या टेबलाशी येऊन बसली. हलवण्याचे बटण समोरच होते. आपण किती वक्तशीर आहोत हे तिला आठवले. अकरा वर्षांत एकदाही उशीर नाही. साडेतीन वाजले होते. तिने फोल्डरला हात लावला नाही. ती लाल ओळ, मूळ शब्दांसकट, एका कागदावर छापली, घडी न घालता फाइलमध्ये ठेवली, आणि पर्स घेऊन जिना उतरली. ठिणगीने वेल्डिंगचा मुखवटा वर करून पाहिले.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर मापकाकांच्या दोन खोल्या. दार सुनेने उघडले. कारखान्यातून आली म्हटल्यावर सुनेच्या चेहऱ्यावर काहीतरी बंद झाले. "आज तीन वर्षांनी आठवण झाली होय?" ती म्हणाली, पण बाजूला झाली. आत जाता जाता आवाज खाली आणून म्हणाली, "जास्त वेळ बसू नका. आणि मापाबिपाचं काही काढू नका. भिंतीवर साधा आरसा लावायचा म्हटलं तरी घरातून निघून जातात. खोकल्याचं औषध चमच्यात तीनदा ओततात, परत बाटलीत घालतात. मी ओतून दिलं तर म्हणतात, तू बघितलंस ना नीट? नक्की बघितलंस?" सगळ्या भिंती कोऱ्या होत्या. आरसा पलंगाखाली, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता.

"मास्तरीणबाई!" मापकाका पलंगावरून उठायला लागले. ठिणगीने खोटे सांगितले नव्हते. मनगटे पेन्सिलीसारखी झाली होती. तिने खुर्ची ओढली, बसली, आणि कामाचे काहीतरी विचारून सुरुवात करावी असे वाटेपर्यंत म्हणून गेली, "काका, त्या गॅलरीचं माप घेतलं तो दिवस आठवतो तुम्हाला?"

सून दारातच थबकली. मापकाका मात्र शांत होते, हा प्रश्न कुणीतरी विचारावा याची वाट पाहत बसल्यासारखे. "लख्ख आठवतो," ते म्हणाले. "टेप लावून धरला होता. तीन फुटांपर्यंत अंगठा आला आणि खिशात फोन वाजला. एका हाताने फोन काढला. कोण होतं ते नाही आठवत. बोलत बोलत उठलो, खिडकीपर्यंत गेलो. खिडकीत एक मांजर होतं, तपकिरी. परत आलो आणि पाटीवर नुसतं तीन फूट टाकलं. सहा इंच त्या फोनमध्ये गेले. रोज बघतो मी ते. रोज मला वाटतं, आज फोन उचलणार नाही."

तिने फाइलमधून कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो लांब धरला, मग जवळ. वाचायला त्यांना फार वेळ लागला. एकच ओळ होती.

"हे कुणी लिहिलंय?"

"तुम्ही. अकरा चाळीसला. तुम्ही बरोबर लिहिलं होतं काका. माझ्या स्क्रिप्टनं अर्धंच वाचलं."

"पण फोन आला होता."

"आला नसेल."

"आला होता," ते आवाज चढवून म्हणाले. "मी ऐकला. मांजर होतं म्हणतो ना मी." मग त्यांचे बोट कागदावरच्या सहा या आकड्यावर जाऊन थांबले आणि तिथून हलेना. सून पुढे आली आणि त्यांच्या खांद्यामागून वाचू लागली. खाली कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होते. मापकाका कागदावरून नजर न काढता म्हणाले, "मांजर पण नव्हतं की काय?"

तिला रडू आले असते तर बरे वाटले असते. ती म्हणाली, "आणखी एक आहे. अपघातानंतर अकरा दिवसांनी मीच ती चूक दुरुस्त केली. तपासाच्या आधी."

"म्हणजे माहीत होतं," मापकाका म्हणाले.

"मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय? होतं की नव्हतं?"

"नव्हतं असं मी तीन वर्षं धरून चालले. आता आठवून बघते तर तिथे काहीच नाही. तुमच्याकडे निदान मांजर तरी आहे."

सून फटकन म्हणाली, "बाई, तुम्ही उठा. या माणसाचं हाडन्‌हाड झिजलंय, आणि तुम्ही इथे येऊन" – पण मापकाकांनी हात वर केला. ते रागावतील अशी तिची तयारी होती. हसतील, हायसे वाटेल, ही आशाही होती, ती तिने स्वतःपासूनच लपवली होती. यातले काही झाले नाही. ते हिशेब लावत बसल्यासारखे दिसत होते. "मी दर महिन्याला त्या घरी जातो," ते म्हणाले. "तिचा भाऊ एकटाच असतो आता. पहिल्या वेळी मी पायावर पडायला गेलो तर तोच म्हणाला, काका, चष्मा मी मागितला होता. वर जाऊन घ्यायला मला आळस आला. मी म्हटलं, नाही, कठडा माझा. तो म्हणतो, आळस माझा. असं आम्ही तीन वर्षं बसतो. चहा पितो. कुणाचं जास्त, कुणाचं कमी, यावर भांडतो, पोरं भांडतात तसं. आता मी तिथे काय म्हणून जाऊ?"

तिने रिकामी फाइल बंद केली.

ते उठले. खुंटीवरचा सदरा घातला, बटणे लावली, एक चुकले ते काढून परत लावले. "चल," ते म्हणाले. पूर्वी ते तिला अहोजाहो करत नसत आणि अरेतुरेही करत नसत, मास्तरीणबाईतच सगळे भागवत. "हे मला सांगून काय उपयोग? त्याला सांग. मी सोबत येतो."

रस्ता दहा मिनिटांचा होता. ती इमारतींच्या गॅलऱ्यांकडे न बघता चालत होती आणि तरी त्या दिसत होत्या. मालकांचा फोन दोनदा आला. पावणेपाच वाजले होते. तिला वाटत होते, मापकाका वाटेत काहीतरी बोलतील, निदान शिव्या तरी देतील, म्हणजे तिला धरायला काहीतरी मिळेल. ते मध्येच थांबून दम घेत होते आणि पुन्हा चालू लागत होते. दारापाशी आल्यावर त्यांनी घंटा वाजवली आणि ते एक पाऊल मागे सरकले, तिच्या मागे. भावाने दार उघडले. पन्नाशीचा माणूस, दाढी वाढलेली, डोळ्यांवर चष्मा नव्हता. "या काका, आज मधेच कसे?" आणि मग तिच्याकडे बघून, "या कोण?" तेव्हा तिने सांगितले की मी कोण, आणि का आले, आणि उंबऱ्यातच उभी राहून सगळे सांगितले, अकराव्या दिवसासकट. ती बोलत असताना त्या माणसाच्या खांद्यावरून तिला आतली बैठक दिसत होती, आणि वर, अर्ध्या अंधारात, तो कठडा. आपण काढलेली रेघ खरोखरच्या लोखंडाची झालेली ती पहिल्यांदाच बघत होती.

"वर या," भाऊ म्हणाला.

तो पुढे, मग ती, मग कठीण जिना एकेक पायरीने चढणारे मापकाका. कठड्यावर धूळ होती. त्याला कुणी हात लावत नसावे. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. कठडा तिला कमरेला लागला, आणि तिला एकदम कळले की उंच बाईला तो कुठे लागला असेल. भाऊ खाली फरशीकडे बघत होता. तो रागाने बोलला नाही, नुसते विचारल्यासारखे बोलला. "तुम्ही सगळे आकडे सांगता. काका पण सांगतात. मला कळत नाही. सहा इंच म्हणजे नेमकं किती?"

तिने उजवा हात आडवा केला, पंजा सपाट, आणि कठड्याच्या वर हवेत धरला. जरा खाली आणला. मागून मापकाका म्हणाले, "अर्धा इंच वर घे," आणि तिने घेतला. "आता बरोबर," ते म्हणाले. भाऊ त्या हाताकडे पाहत राहिला. मग तो कठड्याशी आला, हात मागे बांधले, आणि खाली कुणाला तरी काहीतरी द्यायचे असल्यासारखा पुढे वाकू लागला. बरगड्यांखाली तिचा हात त्याला आडवा आला. तो तिथे थांबला. तिने दुसरा हातही लावला, पाय रोवले, आणि त्या माणसाचे सगळे वजन हळूहळू तिच्या दोन हातांवर येत गेले तरी हात होते तिथेच धरून ठेवले.